नकार नसेल तर होकार समजावा

तुमच्या फोनवर जी 'ताई' दवाखान्याच्या वेळेची आठवण करून देते, ती माणूस आहे का, हे तुम्ही तिला एकदा तरी विचारलंत का?

मला विचारायची गरज पडली नाही. तिला काय बोलायचं आणि कधी बोलायचं हे शिकवणारी पानं लिहिण्याचाच मला पगार मिळतो. ठाण्याच्या नौपाड्यात, एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. दवाखाने, क्लासेस, सोसायट्या यांना लोकांना मेसेज पाठवायचे असतात. पूर्वी ते काम एखादी मुलगी काउंटरवर बसून करायची. आता एआय एजंट करतो. एजंट म्हणजे असा प्रोग्रॅम, की त्याला काम सांगायचं आणि ते कसं उरकायचं हे त्याचं त्याने ठरवायचं. मेसेज पाठवण्यासाठी तो आमच्या कंपनीचं टूल वापरतो, आणि टूल कसं वापरायचं हे कळावं म्हणून आमचं डॉक्युमेंटेशन वाचतो. ते मी लिहिते.

म्हणजे माझा वाचक माणूस नाही. तो कंटाळत नाही, मध्येच उठून चहाला जात नाही, 'हे कशावरून?' असं विचारत नाही. लिहिलेलं सगळं खरं मानतो आणि लगेच अमलात आणतो. कुठल्याही लिहिणाऱ्याला बिघडवायला एवढं पुरेसं आहे. आमच्या मालकांना तर तो बिघडवून मोकळा झालाय.

आमचे मालक स्वतःला मालक म्हणवून घेत नाहीत. "सर नको म्हणू, आपण सगळे फॅमिली आहोत," असं ते पहिल्या दिवशी सांगतात, आणि फॅमिलीतल्या थोरल्या काकांसारखे त्यानंतर कुणालाही बोलू देत नाहीत. त्यांच्या तोंडी 'फ्रिक्शन' हा शब्द दिवसभर असतो. माणसाने विचार करायला वेळ घेतला की फ्रिक्शन. प्रश्न विचारला की फ्रिक्शन. फोन उचलून बोलायची इच्छा दाखवली तर फारच फ्रिक्शन. जगात माणसं नसती तर त्यांचं टूल बिनतक्रार चाललं असतं, अशी त्यांची मनापासून खात्री आहे.

मी वाढले त्या घरात याच्या बरोबर उलटं चालायचं. कल्याण पूर्वेला आमची चाळ, आणि चाळीतलं आमचं घर म्हणजे पत्रकांचा कारखाना. लिहायची आई. नळाला पाणी नाही, नाला तुंबलाय, रेशन दुकानदार अंगठा घेतो आणि धान्य देत नाही, असा कुठलाही विषय असो, एका पानाचं पत्रक निघायचं. मी अक्षरं शिकले ती त्या पिवळ्या, गुलाबी कागदांवर. मात्र छापायला देण्याआधी आई ते पत्रक घेऊन सकाळी नळावर जायची आणि रांगेतल्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवायची. कुणी 'म्हणजे काय गं?' असं म्हटलं की वाक्य गेलं. वाक्य कितीही आवडतं असलं तरी गेलं. "चूक तिची नाही, माझी," असं म्हणत ती पेनने काट मारायची. घरी येऊन त्या वाक्यासाठी हळहळायचीही, पण ते परत आत यायचं नाही.

नोकरी लागल्यावर मी हौसेने माझ्या डॉक्युमेंटेशनचं मराठी करून आईला दिलं. चष्मा लावून तिने दोन पानं वाचली.

"कुणासाठी गं हे?"

"यंत्रासाठी."

"मग हे 'कृपया' कशाला? यंत्राला मान लागतो होय?"

"तशी पद्धत आहे, आई."

"असू दे. आणि ज्यांना मेसेज जाणार, त्यांच्यासाठी काय लिहिलंयस?"

त्यांच्यासाठी मी एकच परिच्छेद लिहिला होता. समोरच्याचं उत्तर स्पष्ट 'हो' किंवा 'नाही' नसेल तर एजंटने काहीही ठरवू नये; एकदा पुन्हा विचारावं, आणि तरी कळलं नाही तर बोलणं माणसाकडे सोपवावं. आईने तो दोनदा वाचला. "हे तेवढं बरंय," म्हणाली. तिच्याकडून एवढं आलं म्हणजे सणच.

आता शेजारच्या काकांबद्दल सांगते. आमची आणि त्यांची भिंत एकच. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत आयुष्य काढलं, रिटायर झाले, आणि किडन्यांनी साथ सोडली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, सोमवारी आणि गुरुवारी. कल्याण पश्चिमेच्या एका सेंटरमध्ये त्यांची ठरलेली वेळ आहे. मधल्या दिवसांत पाणीसुद्धा मोजून प्यायचं. वेळ चुकली की अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, मग दम लागतो. त्यामुळे काकांच्या घरात सोमवार आणि गुरुवार पाळले जातात. त्या दिवशी पाहुणे येत नाहीत, भांडणंसुद्धा होत नाहीत.

काकांची एक सवय आहे, आणि ती एकट्या काकांची नाही, आमच्या अख्ख्या चाळीची आहे. कुणी हाक मारली की आधी 'जय भीम', मग विषय. फोनवर तसंच, मेसेजवर तसंच. गॅस एजन्सीचा मेसेज आला तरी काका आधी 'जय भीम' आणि हात जोडलेलं चित्र पाठवतात. मग चष्मा शोधतात, मेसेज नीट वाचतात, काकूंना विचारतात, आणि सावकाश खरं उत्तर टाइप करतात. आमच्यात आल्या आल्या कुणी मुद्द्यावर बोललं तर लोक विचारतात, काय झालं, घरात सगळे बरे आहेत ना?

त्या सेंटरमधून काकांना एका 'ताई'चे मेसेज यायचे. पुढे मुलीचं छान नाव, मागे ताई. वेळेची आठवण, पथ्याची आठवण. बुद्ध पौर्णिमेला काकांनी तिला शुभेच्छा पाठवल्या, तर तिने फूल पाठवलं. काकांनी ते काकूंना दाखवलं, मला दाखवलं, वरच्या मजल्यावर जाऊनही दाखवून आले. "पोरगी संस्कारी आहे," म्हणाले. सेंटरमध्ये आमचंच टूल आहे, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. आमच्या ऑफिसात ग्राहकांना नावं नसतात, नंबर असतात.

मग एका मंगळवारी ताईचा मेसेज आला. यंत्राच्या दुरुस्तीमुळे गुरुवारची वेळ शनिवारी केली तर चालेल का? काकांनी सवयीप्रमाणे आधी जय भीम पाठवला आणि चष्मा शोधायला उठले. चष्मा सापडेपर्यंत ताईचं उत्तर येऊन पडलं होतं: 'धन्यवाद! आपली शनिवारची वेळ निश्चित झाली आहे.' काकांना वाटलं, पोरीची गडबड झाली. त्यांनी शांतपणे लिहिलं की ताई, शनिवारपर्यंत थांबता येणार नाही, डॉक्टरांनी एवढा खाडा करू नका म्हणून बजावलंय, गुरुवारीच येतो. त्यावर ताई म्हणाली, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.'

काका निर्धास्त झाले. महत्त्वाचा आहे म्हणाली म्हणजे वाचलं असणार. मीही त्यांच्या जागी हेच धरून चालले असते.

गुरुवारी काकूंचा गुडघा धरला होता म्हणून रिक्षातून काकांना मी घेऊन गेले. त्यांना सोडून तशीच ठाण्याला निघणार होते. काउंटरवरच्या मॅडमनी स्क्रीनवर बघितलं.

"काका, तुमचं शनिवारी आहे."

"नाही हो. ताईंना कळवलंय मी."

"कन्फर्म दाखवतंय. तुम्हीच केलंय."

"मी कुठे केलं? मी तर फक्त जय भीम म्हटलं."

"हां, मग त्यानेच झालं असेल."

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांच्यापुढे तीन फोन वाजत होते, एक यंत्र दुरुस्तीसाठी बंद होतं आणि आमची वेळ त्यांनी आधीच दुसऱ्या पेशंटला दिली होती. तो पेशंट आत यंत्राला जोडलेला होता. त्याला कुणी उठवा म्हणणार होतं का? काकांनी मान वर करून काउंटरच्या मागे पाहिलं.

"ताई सुट्टीवर आहेत का आज? त्यांना विचारा ना, त्या सांगतील."

"कोण ताई? अहो काका, ती सिस्टीम आहे. माणूस नाहीये कोणी."

काका माझ्याकडे न बघता बाकावर जाऊन बसले आणि चपला नीट जोडून ठेवू लागले. त्यांचे घोटे सुजलेले होते, चपलेच्या पट्ट्याचा वळ उठला होता. मी त्यांचा फोन मागून घेतला आणि ते सगळं बोलणं वाचलं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. नमुना मेसेज म्हणून ते आमच्या पानांवर होतं. कुणाची तरी तक्रार संपल्यावर पाठवायचं म्हणून ठेवलेलं ते वाक्य इथे एका माणसाच्या जिवाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून गेलं होतं.

डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले, छाती तपासली, आणि घरी पाठवू नका म्हणाले. काका दिवसभर त्या बाकावर बसले. घोटभर पाणी पिऊ का, असं दोनदा माझ्याकडे बघून विचारलं आणि दोन्ही वेळा स्वतःच नको म्हणाले. मी ऑफिसला कळवून टाकलं की येत नाही. दुपारनंतर त्यांना श्वास घ्यायला जड जाऊ लागलं, तसं ते टेकून न बसता पुढे वाकून बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. शेवटच्या बॅचनंतर एक टेक्निशियन थांबला आणि त्याने काकांना यंत्रावर घेतलं. वेळ पुरली नाही, काम अर्धवटच झालं. रिक्षात बसताना काका एवढंच म्हणाले, "मी तिला पौर्णिमेच्या शुभेच्छा दिल्या गं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यावर मी आधी आमची पानं उघडली. माझा परिच्छेद तिथे नव्हता. त्याच्या जागी एकच ओळ होती: 'वापरकर्त्याने उत्तर दिले असेल आणि त्यात नकार नसेल, तर होकार समजावा.'

मी मालकांच्या टेबलापाशी गेले. "ही ओळ कुणी टाकली?"

"मी. का?"

"आणि माझा परिच्छेद?"

"अगं, क्लायंट वैतागले होते. अर्धी चॅट माणसांकडे जात होती. मग एजंट घेतला कशाला त्यांनी? फ्रिक्शन होतं ते."

मी काकांचं सगळं सांगितलं. बाक, घोटे, वाकून घेतलेला श्वास. त्यांनी ऐकलं, हे कबूल करते. चेहराही बराच वेळ दुःखी ठेवला. मग म्हणाले, "वाईट झालं. पण बघ, यात टूलची चूक नाही. प्रश्न विचारल्यावर माणसाने नीट उत्तर द्यायला नको का? जय भीम हे उत्तर आहे का? शिकलेला माणूस हो किंवा नाही म्हणतो."

काकांचं शिक्षण यांनी कधी काढलं? आणि कुठल्या आधारावर? मी म्हटलं, "सर, नळावरच्या बायकांना पत्रक कळलं नाही तर माझी आई पत्रक बदलते. तुम्ही बायका बदलायला निघालात."

"तू इथे पॅम्फ्लेट लिहायला आलीयस का डॉक्युमेंटेशन?"

"पॅम्फ्लेट वाचणारा निदान उलट विचारू शकतो."

आजूबाजूचे कीबोर्ड थांबले होते. मालकांना ते आवडलं नाही आणि आवडलंही. त्यांना प्रेक्षक लागतात. "ठीक आहे," ते म्हणाले, "आत्ताच टेस्ट घेऊ. माझ्या आईला पाठव. ती एम.ए. आहे. बघ कशी एका शब्दात उत्तर देते."

त्यांच्या आई तिथेच, दोन गल्ल्या पलीकडे राहतात. दुपारचा डबा त्यांच्याकडून येतो आणि त्यात आमच्यासाठीही थालीपीठ असतं, म्हणून त्यांच्याशी माझं काही वाकडं नाही. त्यांचे खांद्याचे व्यायाम चालू होते. मालकांच्या शेजारी बसणाऱ्या डोंबिवलीच्या प्रोग्रॅमरने चाचणीचा मेसेज लावला: 'उद्याची फिजिओथेरपीची सकाळची वेळ संध्याकाळी केली तर चालेल का?' खाली तेच मुलीचं नाव, मागे ताई.

स्क्रीनवर सगळे वाकले. उत्तर आलं.

'अगं किती दिवसांनी! बरी आहेस ना? लग्नाचं काही जमलं का तुझं?'

फिजिओथेरपीवाल्यांकडे त्या नावाची कुणी मुलगी असावी. टूलला त्याच्याशी काय देणंघेणं? उत्तर आलं होतं, त्यात नकार नव्हता. ताईने लगेच कळवलं: 'धन्यवाद! आपली संध्याकाळची वेळ निश्चित झाली आहे.'

'छे गं, संध्याकाळी कशी येणार? माझं भजनी मंडळ असतं. सकाळीच ठेव.'

'आपला अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.'

प्रोग्रॅमर हळूच म्हणाला, "सर, आईंचं भजन कॅन्सल करून टाकू का?" मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं. तेवढ्यात मालकांचा फोन वाजला. आईच होत्या. आवाज एवढा खणखणीत, की स्पीकरची गरज नव्हती. "अरे, त्या मुलीला काही झालंय का रे? मी एक बोलते, ती भलतंच बोलते. विचारून बघ जरा, घरी काही टेन्शन असेल बिचारीला."

मालकांनी "बघतो आई" म्हणून फोन ठेवला. मी त्यांच्याकडे पाहत उभी राहिले. मला खरंच वाटलं होतं की आता ते म्हणतील, काढ ती ओळ.

ते म्हणाले, "एज केस आहे."

एज केस म्हणजे क्वचित घडणारी, नियमाबाहेरची गोष्ट. जन्मदात्या आईला माणसाने एज केस म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. काका नियमाबाहेर, आई नियमाबाहेर, आमची चाळ नियमाबाहेर, त्यांचा नौपाडा नियमाबाहेर. मग नियमात बसणारा तो माणूस राहतो कुठे? जो नमस्कार न करता, समोरच्याची खुशाली न विचारता फोनला 'हो' म्हणतो आणि पुढे निघून जातो? मला तरी ठाण्यात आणि कल्याणात तो आजवर भेटलेला नाही. त्याच्या सोयीसाठी मात्र सगळ्यांच्या डोक्यावर एक ओळ लिहून ठेवली होती.

त्या दिवशी मी जागेवरून हलले नाही. संध्याकाळपर्यंत तडजोड झाली, आणि तडजोड हा शब्द मी आदराने वापरत नाहीये. माझा परिच्छेद परत आला, पण सेटिंग म्हणून. 'उत्तर अस्पष्ट असल्यास माणसाकडे सोपवा.' ज्या ग्राहकाला हवं त्याने ते चालू करायचं. कंपनीकडून ते बंदच येणार. "कस्टमरला चॉइस दिला आपण," मालक म्हणाले आणि खूश होऊन सगळ्यांसाठी कोल्ड कॉफी मागवली. चॉइस कुणाला दिला? सेंटरला. बाकावर वाकून बसलेल्या माणसाला तो कुणीच दिला नाही, आणि असं काही सेटिंग असतं हे त्याला कळायची सोयही नाही. ते फक्त आमच्या पानांवर लिहिलंय, आणि ती पानं फक्त यंत्र वाचतं.

नोकरी का सोडली नाही, असं आईने विचारलं नाही, पण माझ्या मैत्रिणी विचारतात. मी सोडली तर उद्या त्या खुर्चीत ते सेटिंगही काढून टाकणारा कुणीतरी बसेल. हा माझा अंदाज नाही, मालकांनी तसं बोलून दाखवलंय.

सोमवारी काकांबरोबर मी पुन्हा सेंटरवर गेले. आईही आली, तिला थांबवणं कुणाला जमलंय? मॅनेजरना मी सांगितलं की तुमच्या सिस्टीममध्ये अमुक एक सेटिंग आहे, ते चालू करा. ते म्हणाले, "एका पेशंटसाठी सगळी सिस्टीम कशी बदलणार मॅडम?"

आई बाकांकडे वळली. तिथे आपापल्या वेळेची वाट बघत माणसं बसली होती. नळावर वाचायची तसं तिने खणखणीत आवाजात काकांचं काय झालं ते सांगितलं, आणि विचारलं, "तुमच्यापैकी कोण कोण त्या ताईला आधी नमस्कार करतं?"

बहुतेकांचे हात वर गेले. एक आजी म्हणाल्या, "मी तर तिला राम राम घालते आणि जेवलीस का विचारते." एक मुस्लिम चाचा म्हणाले, "मैं तो सलाम के बिना बात ही नहीं करता." काकांनी कधी नव्हे ते स्वतः उठून मॅनेजरना सांगितलं, "साहेब, मला शनिवारपर्यंत थांबता येत नाही. हे मी माणसाला सांगू शकलो पाहिजे. बस, एवढंच."

मॅनेजरनी फोन केला, कुणाला तरी विचारलं, आणि सेटिंग चालू झालं. त्याला चहा व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

परवा काकांना पुन्हा वेळ बदलण्याचा मेसेज आला. त्यांनी जय भीम पाठवला. थोड्या वेळाने फोन वाजला, काउंटरवरच्या मॅडमचा. काका म्हणाले, गुरुवारीच येतो. त्या म्हणाल्या, बरं, लिहून घेते.

तुमच्या घरातही कुणीतरी अशा मेसेजांवर अवलंबून असेल. वडिलांचं डायलिसिस असेल, आईची केमो असेल, बहिणीची सोनोग्राफी असेल. तर या आठवड्यात त्या जागी स्वतः जा. काउंटरवर उभं राहून एकच प्रश्न विचारा: आमचं उत्तर तुमच्या सिस्टीमला कळलं नाही, तर ती ते माणसाकडे देते, की होकार समजते? 'माहीत नाही' म्हणाले तर मॅनेजरना बोलवा. ते एकट्यासाठी जमत नाही म्हणाले तर मागे वळा, बाकावरच्या लोकांना विचारा, आणि सेटिंग चालू झाल्याचं त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय तिथून निघू नका.